महाराजांची पाठ आणि पिंजाऱ्याची गादी

चंद्रसेन महाराजांची पाठ दुखू लागली आणि दरबाराची पळापळ सुरू झाली. राज्य करायचे म्हणजे उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत गादीवर मांडी ठोकून बसायचे, अशी महाराजांची समजूत होती.

"महाराज, जरा उठत जा," राजवैद्य म्हणाले.

"राजाला ऊठ म्हणतोस?" महाराज कडाडले आणि वैद्यबुवांची रवानगी सीमेपार झाली. त्यानंतर तो शब्द कोणी काढीना. सगळे मुकाट महाराजांची पाठ चोळत बसले.

पाठ काही ऐकेना. मग महाराजांनी खापर फोडले गादी भरणाऱ्या उस्मान पिंजाऱ्यावर. "पाठ दुखणार नाही अशी गादी भर. अमावास्येपर्यंत गुण आला नाही, तर तुझी पिंजण जप्त आणि तू राज्याबाहेर!"

म्हातारा डोक्याला हात लावून बसला. पिंजण गेली तर कापूस कशाने पिंजायचा आणि खायचे काय?

"अब्बा, गादी घरी आणा. पुढचं मी बघते," त्याची लेक जैतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या रेशमी खोळीतली गादी दरबारात आली. "महाराज, ही मालकानंच दाबायची, नोकरानं नाही," जैतून म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ एक गुडघा हिच्यावर टेकवा, दुसरा पाय पुढे रोवा, पाठ ताठ ठेवा आणि कंबर हळूच पुढे रेटा. मग पाय बदला."

"अगं, मांडीचा सांधा ताणला जातोय!"

"कापूस बसतोय, महाराज."

प्रधानजी हसू दाबत छताकडे बघू लागले.

अमावास्येला उस्मान आणि जैतून पिंजण घेऊन दरबारात हजर झाले. महाराज स्वतःच ताडताड चालत आले. "उस्मान, पाठ गप्प झाली! कापूस कुठला?"

"तुमचाच," जैतून म्हणाली. "गादी जुनीच आहे. आम्ही नुसती खोळ बदलली."

महाराजांनी गादी चाचपून पाहिली. "मग पाठ बरी कशी झाली?"

जैतूनने बापाच्या धनुष्यासारख्या पिंजणीची तात, म्हणजे तिची दोरी, आवळली. दांडा वाकला. "असं. बसून बसून मांडीच्या सांध्यातला स्नायू आखडला होता. तो पुढून पाठीला ओढत होता आणि सगळे बिचाऱ्या पाठीलाच रगडत होते. तुम्ही तो रोज ताणलात."

"हे आधीच का नाही सांगितलंस?"

"वैद्यबुवांच्या शेजारी घर शोधावं लागलं असतं. म्हणून मी तुम्हाला ऊठ म्हटलंच नाही, महाराज. गुडघे टेकायला लावले."

महाराज पोट धरधरून हसले. वैद्यबुवांना बोलावणे गेले आणि दरबारातल्या सगळ्या गाद्यांचे काम उस्मानला मिळाले. पहिली, छताकडे बघून हसणाऱ्या प्रधानजींची.