टपावरचं मांजर

"पुतळाक्का, रात्रभर कुडकुडलात ना?"

हेमराजनं विचारलं ते मायेनं नाही, तोऱ्यानं. तोरणमाळच्या पठारावर नुकतं उजाडलं होतं. पुतळाक्काच्या बसचा टप गोठलेल्या दहिवरानं पांढराफेक पडला होता. शेजारी हेमराजची बस. तिचा टप नुसता ओला. वर एक मांजर पाय पोटाशी घेऊन निवांत पसरलेलं.

"माझ्या टपावर बघा, दहिवराचा कणसुद्धा नाही. चार बॅटऱ्या, रात्रभर हीटर!"

पुतळाक्का म्हणजे भंगारातल्या एसटीत संसार थाटलेली बाई. गोधड्या शिवत गावोगाव फिरायची. त्या बसमध्ये तिनं अठरा हिवाळे काढलेले. कुणापुढं वाकली नाही, कुणाच्या दारात झोपली नाही.

हेमराज सौर पंप दुरुस्त करत पाड्यापाड्यांवर हिंडायचा. दम्याची म्हातारी आई घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून त्यानंही जुनी बस घेतली आणि बसमध्ये राहायचं कसं ते शिकायला अक्काशेजारी मुक्काम टाकला. शिकायला आला खरा, पण डिप्लोमा डोक्यावरून उतरवायला विसरला.

अक्का मिश्री लावत होती. तिनं टपाकडं पाहिलं, मांजराकडं पाहिलं, आणि थुंकली.

"आई उठली का?"

तेवढ्यात हेमराजच्या बसमधून खोकला आला. खोकल्यामागून शिट्टीसारखा श्वास...

तो धावला. वाफेच्या मशीनचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं...

चारही बॅटऱ्या ठार. आईचे ओठ निळसर पडायला लागले.

"अक्का! मशीन चालेना! बॅटऱ्या भरायला ऊन लागतं, त्याला अजून वेळ आहे!"

"मग काय उन्हाला हाका मारतोस? उचल तिला. मशीन मी घेते."

अक्काच्या बसमध्ये पाऊल टाकलं आणि हेमराज थबकला. आत ऊब होती. हीटर कुठं दिसेना. टपाला आतून गवताचे जाड थर, त्यावर गोधड्या ताणून शिवलेल्या. मागची चार बाकांएवढी जागा जाड पडद्यानं तोडलेली. अंथरुणात दोन विटा, संध्याकाळी बाहेरच्या चुलीत तापवून फडक्यात गुंडाळलेल्या. हवेला एक काच बोटभर उघडी.

आणि कोपऱ्यात एक बॅटरी. एकच.

"हिच्यावर चालेल?"

"तुझ्या चौघी रात्रभर राबल्या. माझी झोपली होती. लाव."

मशीन घुरघुरलं. आईच्या नाकातोंडावर वाफ आली. हेमराज तिच्या छातीकडं बघत राहिला... वर, खाली... वर, खाली... हळूहळू शिट्टी थांबली. ओठांवर रंग आला.

आईनं डोळे उघडून चहूकडं पाहिलं.

"इथं बरं वाटतंय गं... आमच्या गोठ्यात असायचं तसं."

"गोठाच आहे," अक्का म्हणाली. "म्हैस तेवढी मी."

आई हसली. हसताना खोकली नाही.

हेमराज खाली उतरला. उन्हाची पहिली तिरीप आली होती. अक्काच्या टपावरचं दहिवर अजून जागचं हललं नव्हतं. मघाशी ज्याला हसला, त्याच पांढऱ्या टपाकडं तो मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मग आला आणि अक्काच्या पायाशी वाकला.

"चुकलो, अक्का. तुम्ही सांगाल तसं करतो. अजून किती बॅटऱ्या घालू?"

अक्कानं कपाळावर हात मारला. मग त्याचा कान धरून त्याला त्याच्याच बसपुढं उभं केलं आणि वर बोट दाखवलं.

मांजरानं एक डोळा उघडला. कूस बदलली. परत झोपलं.

"बॅटऱ्यांचं मागनं बघू," अक्का म्हणाली. "तुझी ऊब टपातनं वर चाललीय. आधी त्या मांजराला थंडी वाजू दे."