म्हाकूची चूळ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आमच्या तांबडमाळात माणसं थोडी आणि सल्ले फार होते. आता माणसं वाढली, पण सल्ले काही घटले नाहीत. तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. हसायचं तिथं खुशाल हसा, मध्ये बोलू मात्र नका. का बोलायचं नाही, ते गोष्टच तुम्हाला सांगेल.

तर आवडाबाईची लेक सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाळी होऊन गेली होती, शाळू कमरेच्या वर आला होता. सारजा अंगानं काडी आणि आवाज एवढा बारीक की गोठ्यातल्या शेळीनंही वळून म्हणावं, काही बोललीस का बाई. तिला मुलगी झाली. मूठभर पोर, पण जावळ असं दाट की सुईण म्हणाली, हिला आधी फणी द्या, मग झबलं.

आता त्या काळी आमच्या गावची रीत ऐका. बाळाला आईच्या अंगावर द्यायचं ते आत्या आल्यावरच. आत्यानं यायचं, कोमट पाण्यानं बाळंतिणीची छाती धुवायची, पहिला पिवळा चीक पिळून राखेत टाकायचा आणि मग पोर मांडीवर द्यायचं. तोवर पोरानं गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा चोखायचा. म्हशीच्या चिकाचा खरवस करून वाटी बोटानं पुसून खाणारी हीच माणसं बरं का. आईचा चीक मात्र राखेत. कुणी विचारायचं नाही. मी असतो तर मीही विचारलं नसतं, खरवस खात बसलो असतो.

सारजाची नणंद छबू नदीपलीकडच्या गावात दिलेली. निरोप गेला, पण तिच्या गाडीचा बैल वाटेतच लंगडला. ती आली तोवर सारजाची छाती भरून भरून दगड झाली होती. हात लावला तरी सारजा कळवळायची. छबूनं रीत केली आणि पोर मांडीवर दिलं. पण पोरीला ठाऊक काय, तर बोळा. ती बोळ्याएवढंच तोंड उघडायची, दगडावरून घसरायची आणि रडायची. तुमच्यासमोर कुणी फुगलेली पखाल धरली आणि म्हणालं, हिला ओठांनी धर, तर तुम्हाला तरी जमेल का? जमणार नाही. तुम्हाला तर दात आहेत. तुमच्यातल्या काहींना आहेत.

मग सल्ल्यांचा पूर आला. एक म्हणाली, शतावरी द्या. दुसरी म्हणाली, अळीव द्या. तिसरी म्हणाली, पोरीची टाळूच उंच आहे. छबू म्हणाली, आमच्या घराण्यातली पोरं अशी नव्हती हो कधी. दारात दौलू पाटील उभा. ज्यानं जन्मात पोर मांडीवर घेतलं नाही तो माणूस बाहेरून ओरडून सांगत होता, "तिला आडवी धरा, आडवी. आमची म्हैस आडवीच पाजते."

आणि सगळ्यांत जास्त बोलायची आवडाबाई, सख्खी आई. भीतीनं माणूस गप्प होतं, पण आवडाबाई भ्यायली की तिची जीभ सुटायची. "सारजे, नीट बस. सारजे, अशी काय धरतेस. तुझ्या अंगाला दूधच न्हाई गं, माझंच नशीब फुटकं." असं दिवसभर. सारजा खाली मान घालून ऐकायची आणि पोरीवर आणखी वाकायची. पोरीचं रडणं आधी घरभर होतं, मग खोलीपुरतं राहिलं, मग मांजराएवढं झालं. ते ऐकून बायका एकमेकींकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. पोर हातची चालली होती, एवढं सगळ्यांना कळत होतं. तेवढं सोडून सगळं बोलत होत्या.

त्या दिवसांत आवडाबाईच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. त्या मेंढरांची धनगरीण म्हणजे म्हाकूबाई. अंगानं रांजण, कपाळभर भंडारा, आणि हसली की खांद्यावरचं घोंगडं खाली पडायचं. असं म्हणतात, तिच्या एका हाकेला डोंगरापलीकडचं चुकलेलं कोकरू परत यायचं. कोण म्हणतं ते विचारू नका. म्हणतात.

ती शिधा न्यायला दाराशी आली आणि तिथंच थबकली.

"कोकरू उपाशी हाय," ती म्हणाली.

"कोकरू न्हवं, नात हाय माझी," आवडाबाई म्हणाली.

"व्हय, पर उपाशी हाय न्हवं?" असं म्हणून ती पाटलाला कोपरानं बाजूला सारून आत शिरली. पाटलाला आयुष्यात कुणी कोपर मारलं नव्हतं. तो इतका चकित झाला की सल्ला द्यायचाच विसरला. थोडा वेळच.

म्हाकूनं आधी फडकं गरम पाण्यात पिळून सारजाला छाती शेकायला लावली. मग हलक्या हातानं थोडं दूध पिळून काढलं, दगडाचा लोण्याचा गोळा होईस्तोवर. आपलं घोंगडं घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्यावर पोर ठेवलं, पोट आईच्या पोटाला लावून. "तू वाकू नगंस. तिला वर येऊ दे," ती म्हणाली. पोरीच्या ओठावर तिनं दुधाचा थेंब लावला आणि थांबली. पोरीनं आधी बोळ्याएवढं तोंड उघडलं. म्हाकू थांबली. मग पोरीनं जांभई द्यावी तसं भलं मोठं तोंड उघडलं, आणि म्हाकूनं तिला चटकन छातीशी आणलं.

पोरीनं धरलं.

"धरलं गं बाई धरलं," आवडाबाई म्हणाली. सारजा दचकली, तिचे खांदे कानापर्यंत गेले, आणि सुटलं.

पुन्हा केलं. पुन्हा धरलं. "नाक दाबू नको तिचं," छबू म्हणाली. सुटलं. तिसऱ्यांदा धरलं तर बाहेरून पाटील, "आडवी धरली का?" सुटलं.

म्हाकूनं एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग तोंड असं गंभीर केलं की जणू देवच अंगात आलाय. इथून पुढचं तिनं उभ्या उभ्या रचलं, बरं का, पण काय रचलं बाईनं! ती म्हणाली, "पोरीला शब्दांची दृष्ट लागलीय. कुणाच्या शब्दाची त्ये मला दिसतंय, पर मी नाव घेत न्हाई. उतरायची तर एकच वाट. इथल्या परत्येकानं हिरीच्या पाण्याची चूळ तोंडात धरायची. गिळायची न्हाई, थुकायची न्हाई. पोरीचं पोट भरंस्तोवर ज्याची चूळ टिकंल, त्याची दृष्ट न्हवती. ज्याची सांडंल, त्याचीच."

आता सांगा, कोण सांडणार? सगळ्या बाया विहिरीवर पळाल्या. गालफुगीर होऊन एकीमागून एक परत आल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. पाटलानंही चूळ भरली. त्याची पुन्हा पुन्हा गिळली जायची, म्हणून तो विहिरीवर जायचा नि यायचा, आणि मिशीतून टिपूस टिपूस गळायचं. असं म्हणतात, बातमी गावभर गेली आणि आपल्यावर आळ नको म्हणून ज्यानं त्यानं चूळ भरली. विहिरीचं पाणी पायरीभर उतरलं. सोनार, सुतार, गुरवाची भांडखोर सून, सगळे गप्प. तांबडमाळ वसल्यापासून एवढी शांतता कुणी ऐकली नव्हती.

त्या शांततेत म्हाकू सारजाच्या कानाशी हळूच म्हणाली, "तुझ्यात काय बी कमी न्हाई. तू नवी, ती बी नवी. दोघी शिकताय. घाई कुणालाच न्हाई."

सारजाचे खांदे खाली आले. तिनं पहिल्यांदाच पोरीचं तोंड नीट बघितलं, आणि पोरीनं तिचं. पोरीनं धरलं. आधी नुसतं चुपचुप, चुपचुप. मग जरा थांबली. मग गटक.

असं म्हणतात, तो गटक आवाज बिरोबाच्या माळापर्यंत गेला. रानात बसलेली मेंढरं रवंथ करायची थांबली आणि त्यांनी माना वर केल्या. मेंढ्यांना आपोआप पान्हा फुटला. रानातला शाळू, जो नुसता वाढत होता, त्याच्या कणसात त्याच घटकेला दूध भरलं. मी काही बघितलं नाही. पण त्या वर्षी हुरडा लवकर आला, एवढं तर आमच्या गावात पाळण्यातलं पोरही सांगेल.

आणि आवडाबाई? तिच्या तोंडात चूळ, आणि डोळ्यांतून धारा. तोंडातलं पाणी सांडू न देता रडणं किती अवघड असतं, ते घरी जाऊन करून बघा. लेकीला बोललेलं सगळं तिला परत घ्यायचं होतं, पण बोलता येईना. मग तिनं जे बोलून कधी जमलं नसतं ते केलं. सरकत सरकत पुढं आली आणि सारजाचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चेपत बसली.

पोरगी पोट भरून झोपली. बाया अंगणात जाऊन चुळा टाकून आल्या. आता जीभ मोकळी होती, पण कुणाला बोलावंसं वाटेना. शेवटी आवडाबाईच म्हणाली, "सारजे, दुसऱ्या बाजूला बी..."

म्हाकूनं नुसतं बघितलं. आवडाबाई उठली, विहिरीवर गेली आणि नवी चूळ भरून आली.

रान खतावून झालं तशी म्हाकू मेंढरं घेऊन घाटाकडं गेली. पुन्हा दिसली नाही, असं काही म्हणतात. काही म्हणतात, ज्या घरी नवं पोर अडखळतं त्या घराच्या दाराशी भंडाऱ्याचा वास येतो. तिनं दृष्टीचं थोतांड रचलं हे पुढं सगळ्यांना कळलं. पण तोवर चूळ धरायची सवय लागली होती, आणि पोरं तर पीत होती.

म्हणून आमच्याकडे आजही बाळंतिणीच्या खोलीबाहेर पाण्याचा तांब्या भरून ठेवतात. त्याला म्हाकूची चूळ म्हणतात. आत्याची वाट आता कुणी बघत नाही आणि चीक राखेत जात नाही. बाळ पाजायला घेतलं की सासू असो, नर्सबाई असो, सरपंच असो, आधी चूळ भरायची, मग उंबरा ओलांडायचा. मला तर दोन चुळा धरायला लावतात, माझी ख्यातीच तशी आहे. गाल फुगवून आम्ही सगळे भिंतीला टेकून बसतो. त्या घटकेला त्या घरात एकाच माणसाचा आवाज येत असतो, आणि त्याचं अजून बारसंही झालेलं नसतं.