जड फोटो

मोबाइलवर नुकती कुठे दुकानं थाटली जात होती, तेव्हाची गोष्ट. एका दुकानात इरकल साडीचा फोटो होता. एकेक धागा दिसेल इतका मोठा, आणि तितकाच जड, उघडायला फार वेळ लावणारा. गिऱ्हाईक यायचं, रिकामी चौकट बघून निघून जायचं. फोटो उघडायचा तेव्हा समोर कुणीच नसायचं.

"माणसं दिसतात तरी कशी रे?" त्या फोटोनं शेजारच्या, खणाच्या कापडाच्या छोट्या फोटोला विचारलं.

"वजन उतरव, म्हणजे दिसतील."

"आणि माझे धागे?"

"ते बघायला आजवर कोण थांबलं?"

मग मोठा फोटो दुकानवाल्या सुगंधाताईंना म्हणाला, "करा मला हलका."

दुसऱ्या दिवशी तो झटकन उघडला. समोर एक म्हातारी होती. "अगं बाई, माझ्या आईचं लुगडं!" ती म्हणाली. तिचे डोळे असे भरून आले होते, की धागे तिला तसेही दिसले नसते.