सोमणसरांची भिंत

टेकडीवरच्या विद्यापीठात ग्रंथालयाची जुनी इमारत आणि नवी इमारत जिथे मिळतात, तिथली भिंत खडबडीत आहे. तिला रंग नाही, गिलावा नाही. नवे विद्यार्थी पहिल्या दिवशी डोळे मिटून, तिच्यावर तळहात टेकवत आत जातात. निवृत्त ग्रंथपाल कुमुदताई ओगले पाहुण्यांना तिथेच थांबवतात आणि मग सांगू लागतात.

जुनी इमारत वास्तुरचनाकार दिगंबर सोमणांनी बांधली, उघड्या काँक्रीटची. काँक्रीट ओतताना साचा म्हणून लावलेल्या सेंट्रिंगच्या देवदारी फळ्यांच्या रेषा आणि गाठी भिंतीवर जशाच्या तशा उमटल्या होत्या. त्या फळ्या सोमणांनी म्हणे स्वतः एकेक निवडल्या होत्या. पुढे पुस्तके मावेनात, मुलांना बसायला जागा पुरेना. वाढीव इमारतीचे काम त्यांची लाडकी विद्यार्थिनी मालती हुद्दार हिच्याकडे आले. "सर, तुमच्या भिंतीला कुणी हात लावणार नाही," असा शब्द तिने दिला.

पण बांधकाम समितीतल्या विद्वानांच्या डोळ्यांत ती भिंत खुपत होती. "बाई, दारातच ही अर्धवट भिंत? पाहुणे काय म्हणतील? गिलावा करा, नाहीतर वरचा वाचनकक्ष विसरा." मालती पुष्कळ भांडली. शेवटी मुलांना जागा तरी मिळेल, अशी मनाची समजूत घालून तिने मान तुकवली. सरांची नजर तोवर पार अधू झाली होती. त्यांना कुठे दिसणार आहे, हा विचारही तिच्या मनात आला. त्या विचाराची तिला पुढे जन्मभर लाज वाटली, असे सांगतात.

उद्घाटनाला सोमण आले. मालतीचा हात धरून नव्या दालनातून हिंडले, उजेड कुठून येतो ते विचारले, खुर्चीत बसून पाहिले. अगदी मनापासून खूश झाले.

"छान झालंय गं. आता मला माझ्या ग्रंथालयात ने."

मालतीने त्यांना दारापाशी आणले. सरांनी सवयीने तळहात भिंतीवर ठेवला. गुळगुळीत गिलाव्यावरून तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"मालती, वाट चुकलीस का?"

सरांनी हात काढून घेतला. घरी सोड, एवढेच म्हणाले. त्याच हिवाळ्यात ते गेले.

त्यानंतर मालती छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीशी आली. कुणाची परवानगी तिने मागितली नाही. गिलावा नीट धरावा म्हणून काँक्रीट आधी टोचून घेतात आणि त्यात मूळ खुणा जातात, हे तिला का ठाऊक नव्हते? तरी ती फोडत राहिली. कुठेतरी एखादी रेष, एखादी गाठ वाचली असेल, या आशेने तिने सगळी भिंत सोलून काढली. समितीलाही मग तिला अडवायचे धाडस झाले नाही म्हणे.

आजही भिंतीवरून हात फिरवून आलेली एखादी मुलगी कुमुदताईंना हळूच विचारते, "या सोमणसरांच्या फळ्यांच्या खुणा ना?"

"नाही गं बाळ," ताई म्हणतात. "या त्या खुणा शोधताना पडलेल्या."