अडसराची भेट

एकदा एक शिष्या तीन वस्तू घेऊन आपल्या गुरूकडे गेली आणि यांतली कोणती भेट देऊ, असे विचारू लागली. गुरू म्हणजे एक वृद्ध विदुषी. जन्मभर त्यांनी एका तालुक्याच्या गावात उपनिषदे शिकवली होती आणि सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणत असे. बाकीच्यांची नावे मी सांगत नाही, कारण त्यांचे नातेवाईक हयात आहेत आणि वर्तमानपत्र वाचतात.

शिष्येच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचे दिवस भरून वर गेले होते, तरी कळा येत नव्हत्या. तेव्हा डॉक्टरांनी ठरवले की उद्या सकाळी दाखल करून घ्यायचे आणि औषध देऊन कळा आणायच्या. यावर घरात चर्चासत्रच भरले. नवऱ्याची आत्या म्हणाली, की आमच्या वेळी कळा आपोआप यायच्या, आता त्याही विकत आणायच्या. कोणी तर पंचांग उघडून, औषध किती वाजता द्यावे हे डॉक्टरांना कळवायला निघाले. मैत्रीण मुकाट ऐकून घेत होती. पहिल्या बाळंतपणात तिच्या खाटेभोवती अर्धा गोतावळा जमला होता आणि त्यातल्या कोणीतरी "अडली वाटतं" असे म्हटले होते. तो शब्द कानावर पडला आणि तिचा धीर सुटला. मूल सुखरूप जन्मले, पण त्या दिवसाची आठवण निघाली की तिचे हात अजून गार पडत. परवाच ती शिष्येला म्हणाली होती, "मला कळांची भीती नाही गं वाटत. माणसांची वाटते."

तर शिष्येने आणलेल्या वस्तू अशा: चांदीचे वाळे, एक मऊ शाल आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. बाईंनी वाळे हातात घेऊन वाजवून पाहिले आणि हे बाळाचे, म्हणून बाजूला ठेवले. लाडू भेटायला येणारे पाहुणे खातील, म्हणाल्या, आणि शाल पांघरवून तिचा फोटो काढतील. मग त्यांनी विचारले, "आणि उद्या सकाळी जी आत जाणार आहे, तिच्यासाठी काय आणलंस?"

शिष्या तिन्ही वस्तू पुन्हा चाचपून पाहू लागली. तिचा स्वभाव असा, की कोणी काही मागितले की तोंडून आधी 'हो' निघायचे आणि काय मागितले ते मागाहून कळायचे. त्यामुळे सारे जग तिला गुणी म्हणत असे. बाईंना मात्र या गुणाचा मनस्वी राग होता.

त्या उठल्या आणि दाराशी गेल्या. जुन्या दाराला आतून लावायचा एक लाकडी अडसर होता, हातभर लांब, वर्षानुवर्षे हाताळून गुळगुळीत झालेला. तो त्यांनी काढला, पदराने पुसला आणि शिष्येच्या हातात ठेवला. ही तिची भेट, म्हणाल्या.

शिष्येला घामच फुटला. कोणी बाळंत व्हायची वेळ आली की घरातली कुलपे उघडायची, कड्या काढायच्या, गाठी सोडायच्या, वेणीसुद्धा मोकळी करायची, म्हणजे तिची वाट मोकळी होते, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. आणि इथे साक्षात गुरू अडसर घेऊन जा म्हणत होत्या. लोक काय म्हणतील, असे तिने चाचरत विचारले. लोक म्हणतीलच, बाई म्हणाल्या, लोकांना दुसरे येते काय? तू हा तिला दाखव आणि ती सांगेल तसे कर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मैत्रिणीने तो अडसर पाहिला, मग शिष्येच्या कावऱ्याबावऱ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि कित्येक दिवसांत प्रथमच खळखळून हसली. तिला भेट लगेच कळली. गुरूचे म्हणणे शिष्येच्या आधी तिसऱ्यालाच कळते, असे पुष्कळदा होते.

"दाराबाहेर बस," मैत्रीण म्हणाली. "हे असतील माझ्याजवळ. बाकी मी हाक मारीन तोच आत येईल. आज माझं 'नाही' तू म्हणायचं."

शिष्या अडसर मांडीवर घेऊन दाराबाहेर बसली. नर्सबाईंनी हे काय म्हणून विचारले. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, की आमच्या जाण्यायेण्यात मध्ये येऊ नका म्हणजे झाले, आणि जमल्यास उद्याही या.

प्रथम आले नवऱ्याचे काका. हे मोठे व्यापारी. 'नाही' हा शब्द उच्चारायची त्यांना सवय होती, ऐकायची नव्हती. जरा भेटून येतो, म्हणाले, आणि शिष्येच्या तोंडून सवयीने 'हो' निघूनही गेले. काकांचा हात दारावर पडला, ती गडबडून उठली, तसा मांडीवरचा अडसर फरशीवर दणकन आदळला. तो उचलता उचलता तिला मैत्रिणीचे बोलणे आठवले. तिने तो दारावर आडवा धरला आणि नाही काका, असे म्हणाली. काका इतके चकित झाले की निमूट बाकावर जाऊन बसले.

मग आत्याबाई आल्या. त्यांना आत जाऊन सुनेची वेणी सोडायची होती. आजच्या दिवशी दाराशी अडसर पाहून त्या हबकल्याच. शिष्या म्हणाली, तिला मोकळे वाटावे म्हणूनच आहे तो.

दुपार टळली. औषध चालू होते, कळा येत होत्या आणि विरत होत्या. अशा बाळंतपणात वेळ लागतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, पण बाकावर ते कोणाच्या ध्यानात नव्हते. आत्याबाई उसासा टाकून म्हणाल्या, अडली वाटतं.

शिष्या ताडकन उभी राहिली. "तो शब्द या दारातून आत जाणार नाही, आत्याबाई. ती अडलेली नाही. अडलायत तुम्ही, आणि अडवलंय मी."

नेमक्या त्याच वेळी जिना चढून बाई आल्या. डोक्यावरून हात फिरवते आणि निघते, म्हणाल्या, आणि सरळ दाराकडे चालू लागल्या. सगळा बाक उठून उभा राहिला, कारण गुरू आत गेल्या की मग कोणालाच थांबवता येणार नव्हते, हे सगळ्यांना कळत होते. शिष्येलाही कळत होते. ज्यांच्या पायांशी बसून ती वाढली, त्या समोर होत्या. आतून हाक आली नव्हती.

तिने अडसर आडवा धरला. "नाही, बाई."

गुरूला अडवतेस, असे आत्याबाई किंचाळल्या. बाई मात्र वळल्या, बाकावर आत्याबाईंच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "अडवू दे. त्यासाठीच दिला होता. आपण तिची वाट मोकळी व्हावी म्हणून दारं उघडतो, आणि त्याच दारातून सगळे आत घुसतो. मग ती मोकळी होणार कुणासमोर? मांजरसुद्धा विण्याआधी आडोसा शोधते, आत्याबाई. बाईनं तेवढाही मागायचा नाही? कळा औषधानं आल्या म्हणून कमी दुखत नाहीत. सोसणार ती आहे, तेव्हा दार तिचं. आणि ही माझी शिष्या. इतकी वर्षं शिकवलं, पण मला 'नाही' म्हणायला ती आज शिकली."

संध्याकाळी आतून किंकाळी आली, पोटाच्या तळापासून निघालेली, कोणाचीही भीड न ठेवणारी. आत्याबाईंच्या घरातल्या सुना कधी ओरडल्या नव्हत्या, निदान तशी ख्याती होती. त्यांनी बाईंकडे पाहिले. ओरडू दे, बाई म्हणाल्या, तिचा आवाज आहे. पुन्हा तशीच किंकाळी आली, आणि पुन्हा. मग एक बारीक, चिडका, कोरा करकरीत आवाज आला, आणि काका रुमाल शोधू लागले. तरीही कोणी जागचे हलले नाही. शिष्या दाराशी तशीच उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते.

बऱ्याच वेळाने आतून मैत्रिणीची हाक आली. आवाज थकलेला होता, पण त्यात भीती नव्हती.

"आधी आत्याबाईंना पाठव गं."

शिष्येने अडसर बाजूला केला. दार सताड उघडले. आत्याबाई उठल्या, पदर सारखा केला आणि उंबऱ्याशी येऊन थांबल्या. आजवर कुठल्याही सुनेच्या खोलीत त्या विचारून गेल्या नव्हत्या.

"येऊ का?" त्यांनी विचारले.

बाळंतविडा घेऊन निघाला असाल, तर तोही सावकाश द्या. आधी एवढे विचारा.