म्हाळू बेलदाराची झडती

फार फार वर्षांपूर्वी हिवरतळ्याच्या पांढऱ्या टेकाडाखाली एका राजाचा राजवाडा गाडला गेला, असं म्हणतात. कुठला राजा, कुठलं राज्य, कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली सोनं किती आहे, ते मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगायचं!

त्या टेकाडाच्या पायथ्याशी गावच्या पाटलाची विहीर खणायला म्हाळू बेलदार आला. दोन पुरुष खोल खणताच त्याची कुदळ भिंतीला लागली. वर येऊन तो म्हणाला, "पाटील, जागा बदला. खाली कुणाचं तरी घर हाय."

पाटलाच्या मनात पाल चुकचुकली. ह्याला नक्की काहीतरी घावलंय! त्याने म्हाळूला तिथेच खणायला लावलं. त्या दिवसापासून वर आलेली मातीची पाटी न् पाटी पाटील स्वतः चाळू लागला आणि दिवस मावळताना म्हाळूची झडती होऊ लागली. धोतर झाडायचं, मुंडासं सोडायचं, तोंडसुद्धा उघडून दाखवायचं. बिचारा मुकाट्याने सगळं करायचा. बेलदाराच्या नावाला एकदा चोरीचा बट्टा लागला, की दहा गावांत त्याला कुणी खणायला बोलवत नाही.

मग एक वीट दिसली. तिच्यावर लहानग्या पावलाचा ठसा होता. वीट ओली असताना राजाचं लेकरू तिच्यावरून धावलं असणार. म्हाळूने विटेला हात लावला नाही. त्याने खणणंच थांबवलं.

आणि गावात अजब घडू लागलं. भरदुपारी ताज्या सारवणावर इवली पावलं उमटायची. उंबऱ्यातून आत, रांजणापाशी, कोनाड्याखाली, पुन्हा बाहेर. काहीतरी शोधत फिरावं तशी. एकही घर सुटलं नाही, असं म्हणतात.

"म्हाळ्यानंच नेलंय त्या लेकराचं कायतरी! हाकला त्याला!" गाव खवळलं.

म्हाळूला रडूच कोसळलं. पण तो विहिरीच्या काठावरून हलला नाही. "माझी झडती रोज झाली. आज समद्यांची होऊ द्या. आधी माझी."

त्याने धोतर झाडलं. मग एकेकाने झाडलं, बायांनी पदर झाडले. शेवटी पाटील राहिला.

"उपरण्याची गाठ सोडा, पाटील."

सारं गाव बघत होतं. पाटलाने गाठ सोडली आणि चाळणीत सापडलेलं सोन्याचं घुंगरू मातीत पडलं. लेकराच्या पायातलं, एवढंसं.

म्हाळूने ते विटेवरच्या ठशापाशी ठेवलं आणि खड्डा बुजवून टाकला. पावलं थांबली.

राजवाडा अजून खालीच आहे. आणि हिवरतळ्यात आजही कुणी घराचा पाया काढला, की आधी मालक बेलदारासमोर उभा राहून आपलं उपरणं झाडून दाखवतो. तोवर बेलदार कुदळ उचलत नाही.