हलका गिअर

"वस्ताद, माझ्या सायकलीला हे ताट कुणी लावलं?"

"मी."

नाव धैर्यशील, पण धीर औषधालासुद्धा नाही. यासीन वस्तादांनी त्याला न विचारता मागच्या चाकाला चढाला हलकी जाणारी ही मोठी चकती बसवली होती. सकाळी सरावाला सगळी पोरं फिदीफिदी हसली. ताटात काय वाढू, म्हणून विचारत होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"काढा ते."

"रविवारी यवतेश्वरचा घाट आहे."

"म्हणूनच सांगतोय." रविवारच्या शर्यतीत जो पहिला येईल त्याला राज्याच्या संघात जागा. वर्षभर त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. "हलका गिअर म्हाताऱ्यांना. माझ्या मांडीत दम आहे. मला जडच पाहिजे."

"गेल्या वर्षी जडच होता. शेवटच्या वळणावर सायकल हातात धरून कोण चालत होतं?"

हे बोलायला नको होतं. ही गोष्ट त्याच्यासमोर काढायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"मी जिंकावं असं तुम्हाला वाटतच नाही. तुमच्याकडं शिकून माझं वाटोळं झालं. आजपासून तुमचा माझा संबंध संपला."

वस्ताद उठले. त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. त्यांनी पक्कड घेतली आणि चेनला मोठ्या चकतीवर ओढून धरणारी गिअरची तार कटकन तोडली. मग मागचं चाक उचलून हातानं पायडल फिरवलं. मोठ्या चकतीवरची चेन खडखडत खाली घसरली आणि सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसली.

"घे तुझा जड. जा घाटात."

तो गेला. दातओठ खात गेला. पहिल्या चढाला राग कामी आला. दुसऱ्याला पायडल हलेना. उभं राहून त्यानं लाथा घातल्या, तशी गुडघ्यात कळ गेली आणि सायकल जागच्या जागी थांबली. शेवटचं वळण अजून दिसतसुद्धा नव्हतं.

लंगडत परत आला तेव्हा वस्ताद तिथंच बसलेले. त्यानं सायकल भिंतीला आदळली.

"एवढं एकच सांगा. तार तोडली तर गिअर आपोआप जडच का झाला? हलका का नाही झाला?"

आवाजात राग होताच. पण आता तो नक्की कुणावर आहे, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वस्तादांनी त्याच्या गुडघ्याकडं एकदा बघितलं.

मग त्यांनी नवी तार त्याच्या हातात दिली.

"ओव. जड व्हायला नुसतं तुटलं तरी पुरतं."